लिबरल म्हणजे नेमका कोण? (एका साक्षगंधातली भानगड)

धरमपेठी

मागच्या रविवारी पुतणीचं साक्षगंध (साखरपुडा) होतं, नागपुरात वर्धा रोडवरच्या एका लॉनवर. जेवणं आटोपली, पानं लागली, खुर्च्या गोल करून पाच-सात जण बसलो आणि पुढच्या अर्ध्या तासात एकच शब्द माझ्यावर तीन बाजूंनी येऊन आदळला. लिबरल.

पहिला भाचा. पुण्याला आयटीत असतो. झालं असं, की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी लिहिलं होतं, श्रावणात कोणाच्या घरी सावजीचं (झणझणीत मटणाचं) पार्सल येतं याची वॉचमनकडे चौकशी करणं बंद करा. (मी स्वतः श्रावण पाळतो. ते इथं गौण.) त्याचा स्क्रीनशॉट फिरत फिरत पुण्याला पोचला. "मामा, तुम्ही तर पक्के लिबरल निघालात!" चेहरा असा, जणू मला गोवर निघाली आहे.

दुसरे हिंगणघाटकडचे काका, वय ७८. साक्षगंधालाही शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला लावून आलेले. ते भाच्यावरच उखडले. "हा कायचा लिबरल? जन्मभर बँकेत नोकरी केली, आता पेन्शन खाऊन राह्यला. लिबरल मी हाओ! सरकारले वावरातून हाकला म्हननारा."

तिसरी मावसबहीण, मेलबर्नहून आलेली. ती तिकडे लिबरल पक्षाला मत देते आणि त्या पक्षाला तिकडे सगळे उजवा पक्ष म्हणतात. ती म्हणाली, "तू कसला लिबरल? आमच्याकडे असतास तर तू लेबरला मत दिलं असतंस."

म्हणजे भाच्याच्या हिशेबाने मी लिबरल असल्यामुळे वाया गेलो, काकांच्या हिशेबाने त्या पदवीला लायक नाही आणि बहिणीच्या हिशेबाने मी समोरच्या पार्टीतला. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "एवढं कशावर भांडत होते?" मला सांगता येईना.

रात्री पडल्या पडल्या एक गोष्ट लक्षात आली. तिघेही मोकळीक हाच विषय बोलत होते, फक्त कोणापासून मोकळीक हे तिघांचं वेगळं होतं. भाचा समाजाचा विचार करत होता, काका सरकारचा, बहीण टॅक्सवाल्यांचा. मला वाटतं या शब्दाचा सगळा गोंधळ तिथंच आहे. जाणकारांनी भर घालावी. चुकत असेन तर सांगा, पण शिव्या नकोत.

तर्रीपोहे

जागा धरून ठेवतो. सावजीचा विषय निघाला म्हणजे धागा शंभरी गाठणार.

जुनी वही

चांगला विषय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

इंग्रजीत हा शब्द आधी साधा दिलदार, सढळ हाताचा या अर्थाचा होता. म्हणजे आपण 'उदार' हे जे भाषांतर केलं ते मुळाला धरूनच आहे. राजकीय बिल्ला म्हणून तो पहिल्यांदा चिकटला स्पेनमध्ये, काडिझ शहरात १८१० ते १८१२ च्या सुमारास, राजाच्या मनमानीला राज्यघटनेची वेसण घालू पाहणाऱ्यांना. म्हणजे धरमपेठींच्या भाषेत, राजापासून मोकळीक.

आपल्याकडे हा माल आला तेव्हा त्याला आपण स्वतःची नावं दिली होती. नेमस्त. मवाळ. पुढे प्रागतिक. आज ही नावं फक्त दहावीच्या गाइडमध्ये उरलीत. आणि नागपूरचा या भांडणाशी जवळचा संबंध आहे. १९०७ चं काँग्रेस अधिवेशन नागपूरला व्हायचं होतं. इथं टिळकपक्षाचा जोर फार, म्हणून नेमस्तांनी ते सुरतेला हलवलं आणि तिथं काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. मंडपात जोडा भिरकावला गेला, तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहतांना लागला आणि काँग्रेस फुटली. अधिवेशन इथंच झालं असतं तर तो मान आपल्याला मिळाला असता.

पण याच जहाल गावात १९११ साली गोखल्यांनी 'हितवाद' सुरू केला. आज सकाळी ज्यांच्या दारात तो पेपर पडला त्यातल्या कितीजणांना माहीत असेल की तो एका नेमस्ताने काढलेला आहे? पुढे १९१८ मध्ये नेमस्तांनी काँग्रेस सोडून स्वतःचा वेगळा लिबरल फेडरेशन काढला आणि १९२० च्या नागपूर अधिवेशनात असहकारावर शिक्कामोर्तब झालं तेव्हा ते मंडपाबाहेर होते. तिथून हा पक्ष हळूहळू दिवाणखान्यापुरता उरला.

आता खरी गंमत. हे आपले लिबरल बाजारवादी होते का? अजिबात नाही. रानड्यांनी १८९२ मध्ये पुण्यात डेक्कन कॉलेजात भाषण देऊन सांगितलं की इंग्रजांचं खुल्या व्यापाराचं शास्त्र हिंदुस्थानाला जसंच्या तसं लागू होत नाही, इथल्या उद्योगांना सरकारचा टेकू हवा. गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल आणलं. सक्तीचं! म्हणजे हिंगणघाटच्या काकांनी रानडे-गोखल्यांनाही बिल्ला दिला नसता.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. राजकारणात जहाल असलेले टिळक १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला विरोध करतात. राजकारणात मवाळ असलेली मंडळी विधवाविवाह आणि मुलींचं शिक्षण यासाठी शिव्या खातात. इंग्रजापुढे कोण वाकत नव्हतं आणि घरातल्या पोथीपुढे कोण वाकत नव्हतं, या दोन वेगळ्या याद्या आहेत. एकाच शब्दात दोन्ही कोंबल्या की साक्षगंधात भांडणं होणारच.

संत्राबर्फी

जुनी वही, दंडवत. पण माफ करा, भाच्याच्या पिढीला गोखले-रानडे घेणं नाही. मी त्याच पिढीतला. आम्ही हा शब्द शिकलो टीव्हीवरच्या रात्रीच्या चर्चांतून आणि फोनवर. तिथं लिबरल म्हणजे जो एका बाजूच्या कट्टरतेवर तासभर बोलतो आणि दुसऱ्या बाजूचा विषय निघाला की त्याला पाणी प्यावंसं वाटतं. आम्हाला राग मोकळेपणाचा नाही, निवडक मोकळेपणाचा आहे. नागपूरच्या महाल भागात वाढलो, शाखेतही गेलो, आंतरजातीय लग्नही केलं आणि घरच्यांनी ते वाजतगाजत लावून दिलं. मग मी कोण? मला तर कोणी लिबरल म्हणत नाही. सगळे फुरोगामी आणि [शब्द काढला आहे. संपादक]

तर्रीपोहे

आला, पहिला कात्रीला आला. पंचवीस प्रतिसादांची अपेक्षा होती, तिसऱ्यातच काम झालं.

धरमपेठी

संत्राबर्फी, तुमचा मुद्दा मान्य आहे, निवडक बोलणारे खूप आहेत. पण त्यांच्यासाठी दुटप्पी हा मराठी शब्द आहे ना? दुटप्प्याला लिबरल म्हणायचं ठरलं तर खऱ्या लिबरलला काय म्हणायचं? (लग्नाबद्दल उशिराने अभिनंदन.)

संत्राबर्फी

सहा वर्षं झाली, पण घेतो. दुटप्पी म्हटल्याने कोणाला लागत नाही हो. लिबरल म्हटलं की लागतं, म्हणून म्हणतात.

कोपनहेगनचा गजू

मूळचा नागपुरातल्या खामल्याचा, आता डेन्मार्कला. तुमचा घोळ काहीच नाही, आमच्याकडचा ऐका. इथं एक जुना मोठा पक्ष आहे, व्हेन्स्ट्रे. या शब्दाचा अर्थ चक्क 'डावा'. आणि तो उजव्या बाजूचा पक्ष आहे! एकोणिसाव्या शतकात जमीनदार, अधिकारी आणि राजाची माणसं एकीकडे, त्यांचा पक्ष उजवा. त्यांच्याविरुद्ध शेतकरी उभे राहिले, म्हणून हे डावे. नंतर कामगारांचा पक्ष यांच्याही पलीकडे येऊन बसला. हे जिथं होते तिथंच राहिले, खुर्च्यांची रांग सरकली. पाटी मात्र तीच. मी पहिल्यांदा इथली निवडणूक बघितली तेव्हा आठवडाभर मला सगळं उलटं समजत होतं.

अमेरिकेत रूझवेल्टने १९३० नंतर मंदीत सरकारी कामं, पेन्शन वगैरे आणली आणि त्यालाच लिबरल म्हटलं, तेव्हापासून तिकडे लिबरल म्हणजे सरकारने हात द्यावा म्हणणारा. फ्रान्समध्ये बरोब्बर उलट, तिथं डावे लोक समोरच्याला लिबरल म्हणून हिणवतात, म्हणजे बाजाराच्या भरवशावर गरिबाला सोडणारा. अमेरिकेत उजवे हिणवतात. शिवी तीच, फेकणारे हात वेगळे. ऑस्ट्रेलियाचं त्या ताईंनी सांगितलंच. मेंझीसने १९४४ मध्ये पक्ष काढला तो लेबरच्या विरोधात, म्हणून तो कायम त्या बाजूला. आणि जपानमध्ये १९५५ पासून बहुतेक काळ सत्तेत असलेला पक्ष लिबरल डेमोक्रॅटिक, आणि तो चांगलाच सनातनी.

अवांतर: इथं तर्री मिळत नाही. मिळाली तरी चार पट पैसे.

इंदोरा चौक

वाचतोय. सगळ्यांच्या यादीत राजा आला, सरकार आलं, टॅक्स आला. गाव कोणाच्याच यादीत नाही.

माझे आजोबा उमरेडकडच्या एका खेड्यातून नागपूरला आले, एम्प्रेस मिलमध्ये लागले. त्यांना सरकारपासून मोकळीक नको होती, सरकार त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. त्यांना मोकळीक हवी होती विहिरीवरच्या माणसांपासून. ती कायद्याने आणि शहराने दिली, बाजाराने नाही आणि उदार मनाच्या लोकांनी तर नाहीच. बाबासाहेबांनी संविधान सभेत गावाला संकुचितपणाचं डबकं म्हटलं ते उगीच नाही. १९४२ च्या जुलैमध्ये इथंच, नागपुरात, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन काढायचा ठराव झाला. आणि १९४७ मध्ये त्यांनी संविधान सभेच्या समितीला जे निवेदन दिलं त्यात शेती हा सरकारी उद्योग करा, मोठे उद्योग सरकारकडे घ्या असं स्पष्ट आहे. त्याच निवेदनात व्यक्तीचे मूलभूत हक्कही आहेत, कोर्टाकडून बजावून घेता येतील असे. आता सांगा, याला लिबरल म्हणणार की समाजवादी? दोन्ही बाजूंचे विद्वान अर्धं अर्धं वाचून आपापल्या पंगतीला बसवतात.

आम्हाला कोणी लिबरल म्हटलं तर आम्ही हसतो. आमचा शब्द आमच्याकडे आहे, दीक्षाभूमीच्या वाटेवर कोणालाही विचारा. दुसऱ्याच्या पाटीची गरज ज्यांना स्वतःची पाटी नाही त्यांना.

पांढरं सोनं

मी यवतमाळचा, कापूसवाला. काकांच्या वतीनं बोलतो, ते तुमच्या इंटरनेटवर येनार नाहीत.

१९७२ पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी होती. तीसेक वर्षं. म्हंजे माह्या वावरातला कापूस मी सरकारलेच विकाचा, दुसऱ्याले विकला तं गुन्हा. सीमेपल्याड मध्य प्रदेशात भाव जास्त, पन तिकडं नेला तं नाक्यावर धरत. बैलगाडीत वर तुऱ्हाट्या अन् खाली कापूस, असं रात्री नेलेले लोक मले माहीत हायेत, नाव नाही सांगत. स्वतःचाच माल चोरून न्या लागे. अशा मानसाले विचारा स्वातंत्र्य म्हंजे काय. तो संविधान नाही सांगनार, तो नाका सांगन.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी याले शब्द देले. "भीक नको, हवे घामाचे दाम." सबसिडी नको, पहिले लुटनं बंद करा. १९९४ ले स्वतंत्र भारत पक्ष काढला. त्यात 'स्वतंत्र' कुठून आला ते इथं कोनी सांगितलं नाही म्हून सांगतो, पुन्हा नागपूरच. १९५९ च्या जानेवारीत काँग्रेसचं अधिवेशन नागपुरात झालं, सहकारी शेतीचा ठराव झाला. समद्यांची वावरं एकत्र करा. त्याच्यावर भडकून राजाजी, मिनू मसानी, रंगा यायनं त्याच साली स्वतंत्र पक्ष काढला. १९६७ ले लोकसभेत ४४ जागा होत्या त्यायच्या. म्हंजे या देशातला सगळ्यात मोठा लिबरल पक्ष आपल्या संत्रानगरीवर चिडून निघाला हाय.

जुनी वही

पांढरं सोनं, हे १९५९ चं मी विसरलोच होतो, वा! एक पुस्ती: त्या पक्षात शेतकरी होते तसे संस्थानिकही भरपूर होते, जयपूरच्या गायत्रीदेवी त्यातल्याच. आपली जमीन जाऊ नये म्हणून स्वातंत्र्याचं तत्त्वज्ञान आठवणारे आणि आपला माल विकता यावा म्हणून आठवणारे, एकाच तंबूत.

इंदोरा चौक

आणि ज्याच्याकडे वावरच नाही तो त्या तंबूत कुठं बसणार होता? दारात चपला सांभाळत?

कापसाच्या नाक्याचं पटलं, खरंच पटलं. पण तुमचा कापूस वेचायला येणाऱ्या बाईचा भाव कोण ठरवायचं?

पांढरं सोनं

भाऊ, भाव आमीच ठरवत होतो अन् पडलेल्या भावात जे परवडन तेच देत होतो. खोटं कायले बोलू. घामाचे दाम आमाले भेटले असते तं तिले भेटले असते, हे आमचं तवाचं उत्तर होतं. ते पुरं उत्तर नाही, हे आता समजते.

तर्रीपोहे

मी टिंगल करायला बसलो होतो, पण हा वरचा प्रतिसाद आवडला.

चष्मेबद्दूर

कायद्याचा एक किडा. १९८९ च्या दुरुस्तीपासून आपल्याकडे पक्षाची नोंदणी करायची तर घटनेवर, तसंच समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाहीवर निष्ठा आहे असं लिहून द्यावं लागतं. म्हणजे समाजवाद गाडायला निघालेल्या पक्षानेही आधी समाजवादाची शपथ घ्यायची! लग्नात आंतरपाटामागे उभं राहून "मी ब्रह्मचारी" म्हणण्यासारखं. भाजपनेही १९८० मध्ये स्थापनेच्या वेळी गांधीवादी समाजवाद स्वीकारला होता. त्यामुळे फक्त लिबरलच्या नावाने रडू नका, सगळ्याच पाट्यांचा रंग उडालेला आहे.

संत्राबर्फी

आणि शरद जोशी २००४ ला राज्यसभेत शिवसेना-भाजपच्या पाठिंब्याने गेले, हेही सांगा की कोणीतरी. म्हणजे काकांचा लिबरल भाच्याच्या बाजूला बसला. भाचाच जिंकला.

जुनी वही

कोणाच्या बाकावर बसले यावरून माणूस ओळखायचा तर कोपनहेगनच्या गजूचा प्रतिसाद पुन्हा वाचा.

बाकी आपल्या भाषेने या शब्दावर एक वेगळाच अन्याय केला आहे. १९९१ नंतर आलेल्या धोरणाला आपण उदारीकरण म्हटलं. आणि लगेच कोणीतरी खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण यांची आद्याक्षरं जोडून 'खाउजा' केलं. ज्याने केलं त्याला लोटांगण. खाऊ अन् जा, सगळी टीका तीन अक्षरांत. पण परिणाम असा, की माझ्या वयाच्या डाव्या मित्रांना 'उदार' म्हटलं की गिरणीचं कुलूप आठवतं आणि तेच मित्र 'उदारमतवादी' म्हणवून घ्यायला मात्र तयार असतात. एकाच धातूची दोन भांडी, एकात जेवतात, दुसऱ्याला नाक मुरडतात.

बर्डीची मैना

इतक्या प्रतिसादांत एकही बाई नाही म्हणून आले.

धरमपेठीभाऊ, काकांना एक साधा प्रश्न विचारा. कापूस पाहिजे तिथं विकायचं स्वातंत्र्य हवं, ठीक. घरातल्या मुलीने पाहिजे त्या मुलाशी लग्न केलं तर? आणि भाच्याला विचारा, सावजीची चौकशी वॉचमनकडे करायची नाही हे म्हणणं वाईट कसं? आणि मेलबर्नच्या ताईंना विचारा, तिकडे त्या स्वतः मायग्रंट, मग मत देताना काय बघतात? तीन प्रश्न, तीन उत्तरं आणा. पाट्या नंतर बघू.

तुमच्या 'कोणापासून मोकळीक'मध्ये मी एकच भर घालीन. कोणाची मोकळीक, हेही बघा. आमच्या घरी माझे वडील अतिशय मोकळ्या विचारांचे होते. आईला ते कधी कळलं नाही, ती स्वयंपाकघरात असायची.

कोपनहेगनचा गजू

मैनाताई, संपवलंत.

तर्रीपोहे

येत्या तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या मिरवणुकीत लिबरलचा एक बडग्या (पुतळा) काढावा असं सुचवतो. संत्राबर्फींनी डोकं बनवायचं, इंदोरा चौकांनी पाय, पांढरं सोन्यांनी आत कापूस भरायचा. "घेऊन जा गे मारबत" म्हणायला मात्र सगळे एकत्र. पोहे माझ्याकडून.

इंदोरा चौक

पोह्यांना येतो. बडग्याचं बघू.

धरमपेठी

उशीर झाला, कारण उत्तरं आणायला प्रत्यक्ष हिंगणघाटला गेलो होतो. भाचा "मामा, मीटिंग आहे" म्हणाला. मावसबहिणीने कबूल केलं की ती खरं तर टॅक्स बघते, बाकी फार बघत नाही. प्रामाणिक आहे बिचारी.

काकांना ओसरीवर बसून मैनाताईंचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. कापसाबद्दल ते बराच वेळ बोलले. एकाधिकार, नाका, बियाणं. २०१९ मध्ये अकोल्याकडे बंदी असलेलं एचटीबीटी (तणनाशक सहन करणाऱ्या जनुकबदल कापसाचं) बियाणं संघटनेने जाहीरपणे पेरलं, तेव्हा गुडघे दुखत असताना ते तिथं गेले होते, तेही झालं. मग मी म्हटलं, "अन् आपल्या घरातल्या पोरीनं स्वतः पोरगा पाह्यला तं?"

काकांनी अडकित्ता खाली ठेवला. "ते वेगळं हाय," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "जात पाहा लागते." मग आणखी थोड्या वेळाने, "म्हंजे, लोकं पाह्यतात."

आतून काकूंचा आवाज आला. "१९८६ ले चांदवडच्या अधिवेशनात मी गेली होती, हे नाही. लाखानं बाया होत्या. लक्ष्मीमुक्तीत दोन एकर माह्या नावावर केले अन् फोटो काढला. त्या दोन एकरात काय पेराचं हे मले आजवर कोनी विचारलं नाही, ते लिहा तुमच्या त्या फोनात."

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "चहा घेऊन जाशीन नं?"